जर्मनमध्ये गाणारा तरुण मेलोडिक डेथ मेटल (सुरेल गिटारी, गुरगुरता गळा) बँड ऐकायचाय, पण जर्मन येत नाही. काही कळेल का?

कळेल. खरं सांगायचं तर ग्राउलमधले, म्हणजे घशातून गुरगुरत गायलेले शब्द जर्मन माणसालाही पहिल्या फटक्यात कळत नाहीत. तोही सीडीतली गाण्यांची पुस्तिका उघडून बसतो. मी हे संगीत दोन्ही प्रकारे ऐकलंय. आधी पुण्यात एक अक्षर न कळता, आणि नंतर मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या बी-वन या मधल्या पातळीपर्यंत धडपडून. दुसऱ्या वेळी मजा जास्त आली, पण पहिल्या वेळी कमी आली होती असं नाही.

कारण या प्रकारात गळा चाल सांभाळतच नाही. चाल दोन गिटारींकडे, गळ्याकडे फक्त ठोका आणि राग. स्वीडनच्या गॉथेनबर्गमधल्या पोरांनी नव्वदच्या दशकात हे बसवलं. ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ 1995 चा, इन फ्लेम्सचा ‘द जेस्टर रेस’ त्याच्या पुढच्या वर्षीचा. हे लोक स्वीडिश, पण गायले इंग्रजीत. मग त्यांचं ऐकून वाढलेले बहुतेक जर्मन बँडही इंग्रजीतच गायले. जर्मनमध्ये गाणाऱ्या रामश्टाइन या बँडचं उदाहरण कोणी देईल, पण ते वेगळं प्रकरण: संथ, जड, एकेक शब्द स्वच्छ. त्यावरून ग्राउलमधल्या जर्मनचा अंदाज येत नाही.

आता भाषेची गंमत. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी ड किंवा ग आला की त्याचा ट, क होतो. मृत्यू लिहिताना ‘टोड’, बोलताना ‘टोट’. दिवस म्हणजे चक्क ‘टाक’. आणि ‘आणि’ला म्हणतात ‘उंट’! मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं तेव्हा गायक दर दुसऱ्या ओळीत जिवाच्या आकांताने उंट का ओरडतोय ते कळेना. ग्राउलमध्ये स्वर सगळे एकाच चिखलात जातात, ‘ऊ’ काय नि ‘ओ’ काय. उरतात ती व्यंजनं, आणि जर्मनच्या शब्दांना शेवटी अशी कडक व्यंजनं भरपूर. डबल बेस ड्रमच्या ठोक्यांवर ती खिळ्यासारखी बसतात.

दुसरी गोष्ट फक्त आपल्याला पटकन कळेल. ‘वाइल इख दिख निख्त फेर्गेसे’ हे वाक्य घ्या. शब्दाला शब्द लावा: कारण, मी, तुला, नाही, विसरत. क्रम आपलाच! अशा जोडवाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळीचा सगळा भार शेवटच्या शब्दावर पडतो आणि गायक नेमका तिथेच ओरडतो. इंग्रजीत ही सोय नाही. (आमच्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, व्याकरण आलं ना, मग कुठूनही येऊ दे.)

कामानिमित्त स्टुटगार्टला होतो तेव्हा एका युत्समध्ये, म्हणजे गावच्या युवा केंद्रात, असा एक नवा बँड ऐकला. पोरं विशीतली, प्रेक्षक चाळीसेक, काउंटरवर वाटीत फुकट इअरप्लग. गायक गाताना पुस्तकी जर्मनमध्ये गर्जत होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये अगदी हळू आवाजात, श्वाबियन बोलीत, ‘इस्ट’चं ‘इश’ करत सगळ्यांचे आभार मानत होता. वऱ्हाडातल्या पोराने प्रमाण मराठीत पोवाडा म्हणावा आणि मध्येच ‘काय करून राह्यला बे’ म्हणावं, तसं.

सुरुवात कुठून करायची? माझं मत इक्विलिब्रियम. आता तो बँड तरुण नाही, पण तरुण असताना काढलेलेच अल्बम ऐका. 2001 साली बव्हेरियात सुरू झाला, पहिला अल्बम ‘टुरिस फ्राटिर’ 2005 चा, गायक हेल्गे श्टांग. त्यातलं थोर या जुन्या नॉर्स देवाच्या हातोड्याचं गाणं घ्या. हातोडा चोरीला जातो, चोर राक्षस बदल्यात देवी फ्रेया बायको म्हणून मागतो, आणि मूळ कथेत थोर स्वतःच नवरीचा वेष करून जातो, लग्नाच्या पंगतीत अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो. कीचकवधातला भीम आठवा. हा बँड लोकसंगीताकडे झुकतो म्हणून याला मेलोडिक डेथ म्हणायचं की फोक, यावर लोक तासन्‌तास भांडतात. तुम्ही भांडू नका. 2019 च्या ‘रेनेगेड्स’पर्यंत येता येता त्यांच्यात इंग्रजी बरंच शिरलं, तिथे माझा रस कमी झाला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जर्मन भाषा, जुने देव आणि रून ही उत्तर युरोपातली प्राचीन लिपी एकत्र दिसली की तिथल्या लोकांनाही आधी शंका येते, कारण नाझींनी ही चिन्हं वापरली होती. बहुतेक बँडचा त्याच्याशी काही संबंध नसतो, पण काहींचा असतो. एखादा अनोळखी बँड आवडला तर टी-शर्ट मागवण्यापूर्वी गाण्याचे शब्द भाषांतर करून वाचा.

आणि भाषेची फारच धास्ती वाटत असेल तर इक्विलिब्रियमचाच 2008 चा ‘सागाज’ लावा आणि थेट शेवटच्या ‘माना’वर जा. सोळा मिनिटांचं आहे, त्यात कोणी एक शब्दही गात नाही.