हँडलची थरथर आणि स्टीअरिंग डॅम्पर

प्रश्न : माझी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल २८ हजार किलोमीटर चालली आहे. मागे सामानाची पेटी बसवल्यापासून महामार्गावर वेग कमी करताना, ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास, हँडल दोन्ही बाजूंना थरथरते. घट्ट धरले की थांबते. स्टीअरिंग डॅम्पर बसवल्यास हा त्रास जाईल का? तो कसा बसवावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : थरथर बहुधा कमी होईल, तरीही आपण डॅम्पर एवढ्यात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डॅम्परमध्ये तेलाने भरलेल्या नळीत एक दट्ट्या सरकत असतो. हँडल सावकाश वळवले तर तेल बारीक छिद्रातून सहज वाट काढते, मात्र हँडलला अचानक झटका बसला तर तेच तेल जोराने अडवते. जोरदार प्रवेग घेताना ज्यांचे पुढचे चाक हलके होते आणि खड्ड्यावर किंवा उंचवट्यावर तिरके टेकते, अशा गाड्यांना त्याची खरी गरज असते. सुझुकीने १९९७ साली आणलेल्या टीएल १००० एस या गाडीच्या हँडलच्या झटक्यांबद्दल तक्रारी झाल्यावर कंपनीला तिच्यावर डॅम्पर बसवावा लागला, तर होंडाच्या २००४च्या सीबीआर १००० आरआरमध्ये तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह कारखान्यातूनच आला. आपल्या गाडीचे पुढचे चाक इंजिनाच्या ताकदीने नव्हे, पेटीच्या ओझ्याने हलके झाले आहे. पेटी मागच्या चाकाच्या आसापलीकडे लोंबत असेल, तर तिच्यातील प्रत्येक किलो पुढच्या चाकावरचा भार थोडा उचलून घेतो.

म्हणून आधी पेटी काढून त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. फरक पडला, तर जड सामान पुढे, टाकीवरच्या किंवा सीटलगतच्या पिशवीत हलवावे. फरक न पडल्यास टायरची हवा, झीज, चाकाचे बॅलन्सिंग, स्पोक आणि चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश तपासावेत. त्यानंतर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते वाटी-गोळ्यांचे बेअरिंग. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, दोन्ही फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या नळ्यांची) खालची टोके धरून पुढे-मागे ओढावे; ‘टक्’ असा हादरा जाणवला तर कोन सैल आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हलके फिरवावे. मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडकले, तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत असे समजावे. अशा वेळी काही मिस्त्री नट आवळून देतात. थरथर तात्पुरती थांबते, पण गाडी सरळ जाताना भरकटू लागते. कोनसेट पूर्ण बदलणे हाच उपाय आहे. अशा गाडीवर डॅम्पर चढवला, तर दोष झाकला जाईल आणि झीज मात्र चालूच राहील.

एवढे करूनही, विशेषतः खराब रस्त्यावर वेगाने जाताना, हँडल झटके देत असेल तर डॅम्परचा विचार जरूर करावा. आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला, ब्रॅकेटसह मिळणारा संच घ्यावा आणि चौकटीला वेल्डिंग किंवा भोके करणे टाळावे. सरळ नळीच्या डॅम्परचे एक टोक चौकटीला आणि दुसरे फोर्कला किंवा हँडलच्या टीला (फोर्कची वरची टोके पकडणाऱ्या पट्टीला) जोडले जाते. फोर्कवरचा पट्टा खाली-वर सरकणाऱ्या भागावर कधीही नसावा, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर खालची नळी त्याला लागता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळल्यावर ते गाडीच्या मूळ अडथळ्यालाच टेकले पाहिजे. डॅम्परचा दांडा त्याआधीच संपत असेल, तर तोच मोडेल किंवा हँडल वळणावर ऐनवेळी अडकेल. टाकी, वायरी आणि क्लचची केबल कुठे घासत नाही, हे इंजिन बंद ठेवूनच पाहावे.

सुरुवातीला डॅम्पर सर्वांत सैल ठेवावा. चाक अधांतरी असताना हँडल जरासे ढकलले, की ते आपल्याच वजनाने एका बाजूला पडले पाहिजे. नंतर एकेक टप्पा घट्ट करत जावे. गर्दीत पायी चालण्याच्या वेगाने जाताना तोल सांभाळायला हँडलशी झगडावे लागू लागले, की एक टप्पा मागे यावे.