बार्बेरीची पानं हिरवी का पडली?

प्रश्न: जांभळ्या पानांची बुटकी बार्बेरी हौसेनं लावली, पण वर्षभरात पानं हिरवट झाली. खत कमी पडतंय का?

उत्तर: खताचं नाही हो, उन्हाचं काम आहे ते! जांभळा रंग उन्हातच खुलतो, सावलीत झुडूप जगतं पण हिरवं पडतं, म्हणून रोज निदान सहा तास ऊन मिळेल अशा जागी हलवा, आणि हलवायचं ते थंडीत पानं गळलेली असतानाच. पिवळ्या पानांच्या जातीचं मात्र उलटं, तिची पानं दुपारच्या कडक उन्हात करपतात. मूळ जपानचं हे झुडूप, उणे 25 अंशातही तगतं, पण मुळाशी पाणी साचलं की गेलंच समजा. बुटकी जात साधारण दोन फुटांवर थांबते, त्यामुळे छाटणी फारशी लागत नाही, तरी जुनी फांदी कापलीत तर आतलं लाकूड बघा, हळदीसारखं पिवळंधमक असतं, मला तर दरवेळी बघत बसावंसं वाटतं. जाड हातमोजे घाला, काटे बारीक असतात आणि बोटात मोडून राहतात. आणि हो, अमेरिकेत काही राज्यांत हे रानात पसरतं म्हणून विक्रीला बंदी आहे, तिथे राहत असाल तर आधी चौकशी करा.