खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी कमी देखभालीचा, भरवशाचा प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कसा निवडावा?

संप (मुख्य टाकीला जोडलेली, उपकरणं ठेवायची वेगळी टाकी) असेल तर संपमध्ये बसणारा, नीडल-व्हील पंपाचाच (काटेरी चाकाने हवेचे बारीक बुडबुडे करणारा पंप) घ्या. डब्यावर लिहिलेल्या लिटरवर विसंबू नका. ते आकडे बहुधा कमी मासे गृहीत धरून दिलेले असतात. मासे जास्त असतील तर एक माप मोठा घ्या. मात्र मोजक्याच माशांच्या टाकीत फार मोठा स्किमर नीट फेसच धरत नाही.

घेण्याआधी पंप हाताने सुटा करता येतो का आणि इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) वेगळा मिळतो का, हे नक्की बघा. माझ्या मते खरी देखभाल तिथेच असते. संपमधली पाण्याची पातळी स्थिर ठेवा, नाहीतर रोज झडप फिरवत बसाल. नवा स्किमर पहिले १-२ आठवडे वेडावाकडा फेसाळतो, घाबरू नका. घाण जमणाऱ्या कपाची मान (फेस जिथून वर चढतो तो भाग) दर आठवड्याला पुसा, पंप काही महिन्यांनी पातळ व्हिनेगरमध्ये भिजवा. हवेच्या नळीत मीठ साचतं, तिच्यातून कोमट गोडं पाणी सोडा.