केशर की हापूस?

प्रश्न : यावलकडे आमची काळी जमीन आहे. केशर आंबा लावावा की हापूस? गेल्या वर्षीच्या कलमावर वेगळ्याच पानांची फूट आली, ती कशामुळे?

उत्तर : केशरच लावा. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो हापूसपेक्षा भरवशाचा. हापूसमध्ये साका, म्हणजे गरात होणारा पांढरट, आंबट भाग, फार. ती वेगळी फूट खालच्या रायवळ खुंटाची, म्हणजे ज्या गावठी आंब्याच्या रोपावर कलम बांधलं त्याची आहे. ती जोमाने वाढते आणि वरचा केशर उपाशी मरतो. कलमाच्या जोडाखालचा प्रत्येक कोंब कोवळा असतानाच खुडा. जोडाची प्लास्टिक पट्टी राहिली असेल तर कापा, नाहीतर खोडाला काच पडतो. नवी लागवड जून-जुलैत, 1 मीटरच्या खड्ड्यात, शेणखत घालून करा. जोड मातीच्या वर वीतभर हवाच. काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळं कुजतात, म्हणून गादीवाफा उंच ठेवा.