बेघर लोकांसाठी सरकारी लॉटरी काढली तर काम होईल का?

प्रश्नात म्हटलंय की सरकारने खास बेघर लोकांसाठी एक लॉटरी काढावी, नफा फक्त निवारे, जेवण, औषधपाणी यासाठी राखून ठेवावा, म्हणजे कर वाढवायला नको, कुणावर सक्ती नको, ज्याला वाटेल तो तिकीट काढेल. मग यात तोटा काय?

माझं मत आधीच सांगून टाकते. घरं विकत घ्यायला हा पैसा चालतो, चांगला चालतो. माणसांचे पगार द्यायला चालत नाही. आणि बेघरांच्या सेवेत खरा खर्च माणसांवर होतो, गाद्या-पांघरुणांवर नाही, त्यामुळे "सेवांसाठी लॉटरी" असं कुणी म्हटलं की मी सावध होते. बरीच वर्षं एका निवारा चालवणाऱ्या संस्थेत हिशेब आणि ग्रँटचे अर्ज हेच माझं काम होतं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी पैशाचं गणित, पटकन. १०० ची तिकिटं खपली की निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त बक्षिसांत जातात, मग विक्रेत्याचं कमिशन, मशिनं, जाहिराती, चालवणाऱ्या कंपनीचा वाटा. ब्रिटनमध्ये तर १२ टक्के लॉटरी ड्युटी थेट सरकारी तिजोरीत जाते आणि समाजकार्यासाठी म्हणून उरतो तो साधारण चौथा हिस्सा. म्हणजे २५ उभे करायला लोकांचे १०० फिरवायचे. कर गोळा करण्याचा खर्च याच्या जवळपासही येत नाही. पण लोक आपखुशीने देतायत ना, मग हे सोडून देऊ, माझं खरं दुखणं वेगळं आहे.

ते म्हणजे "राखीव" हा प्रकार. पहिल्या वर्षी सगळं छान असतं, उद्घाटन, फोटो, नवा निवारा. मग दोन-चार बजेटं होतात आणि अर्थखात्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की अरे यांना लॉटरीचे मिळतायतच की, मग आपण नेहमीचे कशाला द्यायचे. कुणी गाजावाजा करून कपात करत नाही, फक्त दरवर्षीची वाढ थांबते आणि हळूहळू आधीचा पैसा आटतो. एका हाताने दिलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं, बेघरांच्या हातात मात्र तेवढेच. कॅलिफोर्नियात १९८४ मध्ये मतदारांनी लॉटरी मंजूर केली ती शाळांच्या नावाने, आणि शाळांच्या एकूण पैशात तिचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही, पण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की शाळांना लॉटरीचा भरपूर पैसा येतो. हे नुकसान हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही. तिकीट काढणाऱ्याला वाटतं आपण आपला वाटा दिला, मग बेघरांसाठी कराचा पैसा मागायला गेलं की ऐकायला मिळतं, त्यांच्यासाठी ती लॉटरी आहे ना?

ब्रिटनने १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू करताना निदान तत्त्व तरी नीट ठरवलं होतं, की सरकारने जो खर्च करायलाच हवा त्याच्या जागी लॉटरीचा पैसा वापरायचा नाही, हा वरचा पैसा. आणि तरी २००७ मध्ये २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च हाताबाहेर चालला तेव्हा लॉटरीच्या निधीतून ६७.५ कोटी पाउंड जास्तीचे तिकडे वळवायचं ठरलं, त्यातले ४२.५ कोटी एकट्या बिग लॉटरी फंडाचे, म्हणजे जो फंड छोट्या सामाजिक संस्थांना ग्रँट द्यायचा त्याचे. पुढे ऑलिंपिक पार्कच्या जमिनी विकून परत करू असं ठरलं, पण ज्या संस्थेचा अर्ज त्या वर्षी मागे पडला तिला त्या जमिनीचं काय करायचंय. कायद्याने बांधलेला, स्वतंत्र मंडळाकडे असलेला पैसा असा वळतो तर नुसत्या घोषणेने राखीव ठेवलेल्याचं काय होईल, तुम्हीच विचार करा.

आता पगाराचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही. निवाऱ्याचा खर्च म्हणजे ब्लँकेट, डाळ-भात, लाइट बिल असं सगळ्यांना वाटतं, देणगीदारही तेच विचारतात, किती ब्लँकेट देऊ. हिशेबाच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा पगाराचा असतो. रात्री ड्युटीला दोघं लागतात, एकट्याला ठेवता येत नाही, कारण एकजण आजारी माणसाला घेऊन हॉस्पिटलला गेला तर मागे कोण. आठवड्याची सुट्टी धरली की दोघांचे तीन-चार होतात. शिवाय जो कार्यकर्ता कागदपत्रं काढून द्यायला माणसाबरोबर जातो त्याचं काम तर कुठल्याच अर्जाच्या रकान्यात नीट बसत नाही. वर्षानुवर्षं बाहेर झोपलेला माणूस पहिल्या भेटीत नाव पण खरं सांगत नाही. कार्यकर्ता रोज त्याच कोपऱ्यावर जाऊन बसणार, चहा पिणार, कधी नुसताच गप्प बसून परत येणार, मग एक दिवस तो स्वतःहून म्हणणार की माझा पाय बघून घ्यायचाय. तिथून दवाखाना, तिथे ओळखपत्र मागतात, ओळखपत्राला पत्ता लागतो, पत्ता असता तर हा इथे कशाला असता, मग संस्थेचा पत्ता चालेल का म्हणून खेटे, मग जुन्या कागदावर नाव एक आणि नव्यावर दुसरं. हे सगळं होईपर्यंत महिनोनमहिने जातात आणि नेमकी तेव्हाच ग्रँटची मुदत संपते. कार्यकर्ता दुसरीकडे नोकरी बघतो, त्यालाही घर आहे. नवीन आला की पुन्हा श्रीगणेशा, आणि तो माणूस आता दुसऱ्या कोपऱ्यावर गेलेला असतो.

म्हणून या कामाला पैसा थोडा कमी चालेल पण दरमहा ठरलेला लागतो, आणि लॉटरीचा पैसा नेमका तसा नसतो. जॅकपॉट फुगला की रांगा लागतात, फुटला की विक्री बसते. ब्रिटनमध्ये २०१६-१७ या एका वर्षात समाजकार्याला मिळणारी रक्कम १५ टक्क्यांनी घसरली. फिनलंडमध्ये जुगाराचा नफा सामाजिक संस्थांना जायचा, तिथे २०२० च्या कोविडात जुगाराची मशिनं बंद ठेवावी लागली, उत्पन्न कोसळलं, आणि सरकारला सामाजिक संस्थांची भरपाई बजेटमधून करावी लागली. म्हणजे गरज वाढली त्याच महिन्यांत झरा आटला आणि शेवटी कराचाच पैसा धावून आला.

फिनलंडचं नाव आलंच आहे तर ते नीट सांगायलाच हवं, कारण जुगाराच्या पैशातून बेघरांसाठी सगळ्यात भरीव काम झालं ते तिथेच. तिथे स्लॉट मशीनची मक्तेदारी १९३८ पासून राय नावाच्या संस्थेकडे होती आणि नफा सामाजिक संस्थांना जायचा (लॉटरी नव्हे, पण तत्त्व तेच). १९८५ मध्ये वाय-फाउंडेशन सुरू झालं आणि त्यांनी रायच्या ग्रँटमधून एक साधी गोष्ट केली, फ्लॅट विकत घेतले. बेघरांसाठी वेगळी कॉलनी बांधली नाही, चारचौघांच्या इमारतींत एक इथे एक तिथे असे सुटे फ्लॅट, की शेजाऱ्याला पत्ताही लागू नये कोण कुठून आलाय. ग्रँटने किमतीचा काही भाग भागायचा, उरलेल्याला कर्ज, आणि कर्ज भाड्यातून फिटायचं. इथे लॉटरीसारखा पैसा एकदम फिट बसतो. एखाद्या वर्षी कमी आले तर त्या वर्षी कमी फ्लॅट घ्या, आधी घेतलेला फ्लॅट कुठे जात नाही, तो पुढची पन्नास वर्षं कुणाला ना कुणाला छप्पर देतो.

मग २००८ पासून सरकारने "आधी घर" या धोरणावर राष्ट्रीय कार्यक्रम घेतला, म्हणजे दारू सोड, नोकरी लाव, मग घर असं नाही, आधी घराची किल्ली आणि बाकीचं नंतर. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा २५० खाटांचा निवारा होता, तो मोडून ८१ स्वतंत्र फ्लॅट केले. १९८५ मध्ये त्या शहरात निवाऱ्यांच्या २,१२१ खाटा होत्या, २०१६ मध्ये ५२ उरल्या. देशभरात १९८७ मध्ये बेघरांची संख्या १८ हजारांच्या घरात होती, २०२३ मध्ये ३,४२९. पण लक्षात घ्या, त्या घरांमध्ये मदतीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा खर्च सरकार आणि नगरपालिकांनी उचलला, तो मशिनच्या गल्ल्यावर सोडला नाही. हा भाग कौतुक करणारे लोक हमखास गाळतात.

आणि पुढचंही ऐका. २०२४ पासून फिनलंडने जुगाराचं उत्पन्न आणि या संस्था यांची गाठच सोडवली, पैसा सरळ बजेटमध्ये जातो, आणि पाठोपाठ संस्थांच्या ग्रँटला कात्री लागली. त्याच वर्षी बेघरांचा आकडा बऱ्याच वर्षांनी वाढला, ३,८०६ झाला. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणत नाही, घरभत्त्यातली कपात वगैरे बाकी कारणं आहेतच. पण विकत घेतलेले फ्लॅट मात्र कुणी परत नेले नाहीत.

केरळच्या कारुण्य लॉटरीचं उदाहरण देणारेही भेटतात. तिच्या जिवावर २०१२ मध्ये कारुण्य बेनिव्होलंट फंड सुरू झाला, कॅन्सर, हृदय, किडनीच्या गरीब पेशंटना मदत मिळाली, चांगलंच काम. पण बघा, ऑपरेशन हाही एकरकमी खर्च आहे. माझ्याच मुद्द्याला तो पुरावा झाला.

पगारासाठी एक अपवाद मान्य करते. नवीन पद्धत करून बघायची असेल तर लॉटरीचा पैसा उपयोगी पडतो, कारण फसलं तर कर भरणाऱ्यांचा पैसा वाया गेला अशी बोंब नको. ब्रिटनमध्ये २०१४ ते २०२२ असा आठ वर्षांचा ११.२ कोटी पाउंडांचा "फुलफिलिंग लाइव्ह्ज" कार्यक्रम लॉटरीतून झाला, बेघरपणा, व्यसन, मानसिक आजार, तुरुंग हे सगळं एकत्र वाट्याला आलेल्या लोकांसाठी, बारा ठिकाणी. आठ वर्षं म्हणजे या क्षेत्रात चैनच म्हणायची, बहुतेक ग्रँट इतकी टिकतच नाहीत.

आता "आपखुशीने" बद्दल. तिकीट काढणाऱ्यांत कमी कमाईवाल्यांच्या खिशाला चाट जास्त बसते, त्यांच्या कमाईच्या मानाने, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि बेघरांच्या बाबतीत तर प्रकार आणखी विचित्र आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात बेघर सेवा वापरणाऱ्यांचा एक अभ्यास झाला, त्यात जुगाराच्या व्यसनाचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर निघालं, सर्वसाधारण लोकांत ते १ टक्क्याच्याही खाली होतं, आणि यातल्या बहुतेकांचा जुगार रस्त्यावर येण्याआधीच सुरू झालेला. म्हणजे ज्याला घराबाहेर काढायला जुगाराने हातभार लावला त्यालाच निवारा द्यायचा, आणि वर जाहिरातीत त्याचाच फोटो. असले फोटो वापरायला माझा ठाम विरोध आहे, विक्री कितीही वाढो.

तरी तुमच्या मनात अशी मागणी करायची असेलच तर करा, मी अडवणार नाही. फक्त कायद्यात लिहून घ्या की हा पैसा घरं घ्यायला आणि दुरुस्तीलाच वापरायचा, घरांची मालकी अशा संस्थेकडे ठेवायची जिला ती विकून खाता येणार नाहीत, निधी शिल्लक असेल तर तो दुसऱ्या कामाला वळवायचा नाही, आणि बेघरांच्या सेवेवर बजेटमधून आत्ता जेवढा खर्च होतो तो महागाई धरून खाली येऊ द्यायचा नाही. यातली शेवटची अट मान्य करायला सरकार सगळ्यात जास्त खळखळ करेल. ती अट मिळत नसेल तर मी लॉटरीला नाही म्हणेन.