आफ्रिका ठीक, पण त्यातला देश कुठला?

सांगलीहून एका आईंचं पत्र आहे. मुलगी लंडनच्या सोआस या विद्यापीठात आफ्रिकन स्टडीजचं एमए करतेय, शैक्षणिक कर्ज काढून. आफ्रिकेतल्या घडामोडींवर व्याख्यानं, चर्चा घडवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती बिनपगारी काम करते. ‘शनिवारी खुर्च्या मांडते, वक्त्यांना स्टेशनवरून घेऊन येते. याला करिअर म्हणायचं का?’ असं त्या विचारतात.

ताई, खुर्च्या मांडण्याचं वाईट वाटून घेऊ नका. खुर्च्या मांडणारीच्याच हातात कधीतरी माईक येतो. समोर नैरोबीचे, लागोसचे, खार्तूमचे लोक बसलेले असतात. त्यातला एक जण ‘माझा प्रश्न असा’ म्हणून उठतो आणि पाच मिनिटं भाषणच ठोकतो. त्याला न दुखावता खाली बसवायचं आणि मागच्या रांगेतल्या गप्प मुलीला बोलतं करायचं, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. या कामाला पगार आहे, फक्त तो बहुधा दुसरीकडे मिळतो.

लंडनचीच रॉयल आफ्रिकन सोसायटी घ्या. पश्चिम आफ्रिकेत हिंडलेल्या मेरी किंग्सली 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत युद्धकैद्यांची शुश्रूषा करताना टायफॉइडने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ 1901 मध्ये ही संस्था निघाली. ती ‘आफ्रिकन अफेअर्स’ हे नियतकालिक काढते, साहित्य आणि चित्रपट महोत्सव भरवते. एवढं जुनं नाव, तरी अशा ठिकाणी पगारी जागा मोजक्याच. छोट्या संस्थांचं तर विचारूच नका. अनुदान आलं की माणूस घेतात, संपलं की निरोप देतात. शिवाय शिक्षणानंतरच्या ठरावीक मुदतीच्या व्हिसानंतर तिथे राहायचं तर स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला नोकरीवर ठेवण्याचा सरकारी परवाना) असलेल्या संस्थेतली आणि सरकारने ठरवलेला किमान पगार देणारी नोकरी लागते. छोट्या संस्थेला हे सहसा झेपत नाही. तेव्हा तिथेच चिकटेन, या भरवशावर तिने राहू नये.

एक गोष्ट तिला आजच विचारा. ठरलेल्या वेळेचं, बांधून घेतलेलं काम बिनपगारी असलं तरी विद्यार्थी व्हिसावरच्या आठवड्याला 20 तास कामाच्या मर्यादेत मोजलं जातं. अधूनमधून केलेली मदत वेगळी. तिचं काम कशात बसतं, ते विद्यापीठाच्या व्हिसा कक्षातून पक्कं करून घ्यावं.

आता मुद्द्याचं. ‘आफ्रिका’ हा बायोडेटावर लिहायचा विषय नाही. आफ्रिकन युनियनमध्ये 55 सदस्य आहेत. तिने त्यातले एक-दोन देश निवडावेत आणि तिथली भाषा धरावी. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्ट असेल तर फ्रेंच, केनिया-टांझानिया असेल तर स्वाहिली. स्वाहिली आपल्याला फार परकी वाटणार नाही. दुकान म्हणजे ‘दुका’, विमा म्हणजे ‘बिमा’, गाडी म्हणजे ‘गारी’. घड्याळ मात्र घोळ घालतं, सकाळच्या सातला ते ‘एक वाजला’ म्हणतात! जोडीला अनुदानाचा अर्ज आणि प्रकल्पाचं बजेट लिहायला शिकावं. वक्ते पुष्कळ असतात, हिशेब जुळवणारा माणूस मिळत नाही.

परत यायचं ठरलं तर मुंबई विद्यापीठाचं कलिना इथलं आफ्रिकन अभ्यास केंद्र 1971 पासून आहे, दिल्लीत जेएनयू आहे. पण कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना मी पीएचडीचा सल्ला पहिल्यांदा देणार नाही. पूर्व आफ्रिकेत औषधं, पंप किंवा ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांचा निर्यात विभाग आधी बघावा. लेकीला हे कमीपणाचं वाटेल. वाटू द्या.

संस्थेला तिने सहा महिने द्यावेत, त्याहून जास्त फुकट नाही. त्या काळात एक कार्यक्रम विषय ठरवण्यापासून खर्चाच्या पावत्यांपर्यंत स्वतः पार पाडावा आणि त्याचं पत्र लेखी मागून घ्यावं.

येत्या रविवारी फोन झाला की तिला सांगा, सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून कोण कोणाशी लढतंय, ते मला मराठीत पाच मिनिटांत समजावून सांग. कुठे अडखळली, ते मला कळवा.