मसाई गावाला जायचं तर गोरजवेळी जा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: जुलैत पुण्याहून केनियाला निघताय, बरोबर दोन मुलं आणि सासूबाई आहेत. ड्रायव्हर म्हणतो की मसाई, म्हणजे तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीचं, गाव माणशी 30 डॉलरमध्ये दाखवतो, आणि आधी जाऊन आलेले म्हणतात की ते सगळं नाटक आहे. मी तिथे दोनदा गेलोय. पहिल्यांदा हिरमुसून परतलो, दुसऱ्यांदा पाय निघेना. गावं साधारण एकाच भागातली होती. फरक पडला तो वेळेचा.

सफारीचं वेळापत्रक कसं असतं बघा. पहाटे आणि संध्याकाळी प्राणी बघायचे, मधला उन्हाचा वेळ मोकळा. म्हणून गाव त्या मधल्या वेळेत बसवतात. अकरा-बारा वाजता तिथे काय असतं? गुरं चरायला गेलेली, गुराखी त्यांच्यामागे. मसाईंचं सगळं जगणं गुरांभोवती फिरतं. एन्काई देवाने पृथ्वीवरची सगळी गुरं आपल्याच हवाली केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती गुरंच नसताना आपण जातो. मग उरतं काय, तर उड्यांचा नाच, काठीवर काठी घासून विस्तव, एका घरात डोकावणं आणि मण्यांचा बाजार. पाऊण तासात आपण गाडीत.

दुसऱ्या वेळी मी मसाई मारा अभयारण्याच्या सेकेनानी गेटबाहेर राहिलो होतो. तिथल्याच एका मसाई वाटाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, संध्याकाळी पाचला चला. तिथे बाराही महिने साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. आधी घंटांचा आवाज आला, मग पोरांच्या शिट्ट्या, मग धूळ. आपण गोरज म्हणतो ना, अगदी तेच. काटेरी कुंपणाच्या तोंडाशी घरचा म्हातारा उभा होता, आत येणाऱ्या प्रत्येक जनावरावरून त्याची नजर फिरत होती. मग बायका धारा काढायला बसल्या. भांडं म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचा लांबट तुंबा. तो आतून रानटी ऑलिव्हच्या जळत्या लाकडाने घासून घेतात, म्हणून दुधाला धुराचा वास लागतो. कच्चं दूध तुम्ही पिऊ नका, मुलांना तर अजिबात देऊ नका. पण त्याच दुधाचा उकळलेला, भरपूर साखरेचा चहा पुढे आला तर नाही म्हणू नका.

या गावांना सगळे ‘मन्याटा’ म्हणतात. खरं तर तो तरुण लढवय्यांच्या, म्हणजे मोरानांच्या वस्तीचा शब्द आहे. कुटुंबं राहतात त्या वस्तीला मसाईंच्या मा भाषेत ‘एन्कांग’ म्हणतात. टांझानियात ‘बोमा’ हा स्वाहिली शब्द कानावर पडेल. कडेने घरं, मधे रात्री गुरं कोंडायची जागा आणि भोवती काट्यांचं कुंपण. घर बाई बांधते: काटक्या, गवत, माती आणि शेण. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बालपण गेलेल्या माणसाला त्या घराचं नवल वाटत नाही, उलट ओळख पटते. सासूबाईंना जरूर न्या. त्यांना सारवणाबद्दल विचारायला सुचेल ते तुम्हाला-मला सुचणार नाही. मात्र दार बुटकं आणि वळणाचं असतं, आत अंधार आणि चुलीचा धूर. गुडघे दुखत असतील किंवा दमा असेल तर त्यांना बाहेरच बायकांजवळ बसू द्या.

नाटकाबद्दल म्हणाल, तर तुमच्यासाठी केलेला नाच तुमच्यासाठीच असतो. पण त्याची मुळं खरी आहेत. मोरानपण संपून प्रौढपणाकडे जायच्या ‘युनोटो’ विधीत तरुण अशाच उड्या घेतात आणि आई मुलाचे वाढवलेले केस उतरवते. युनोटोसह मुलग्यांचे तीन विधी युनेस्कोने 2018 मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. जपण्याची वेळ आली आहे, म्हणजे ते विरत चाललेत. नाचात ढोल नसतो, सगळा ठेका गळ्यातून येतो. डोळे मिटून एकदा नुसतं ऐका. आणि शुका, म्हणजे मसाईंचं अंगावरचं कापड, पांघरलेल्या पोराच्या हातात मोबाईल दिसला म्हणून तो खोटा मसाई ठरत नाही. आपला मेंढपाळ मोबाईलवर बोलतो म्हणून त्याला कुणी खोटा धनगर म्हणत नाही.

आता पैसे. माणशी 20 ते 30 डॉलर मागतात, त्यात घासाघीस होते. पहिल्या वेळी आमच्या ड्रायव्हरने सगळ्यांचे पैसे स्वतः गोळा केले आणि त्यातले थोडेच गावाला पोचले, हे मला नंतर कळलं. म्हणून रक्कम आधी ठरवा आणि गावातल्या प्रमुखाच्या हातात स्वतः द्या. दागिने घेताना ‘हे कुणी ओवलं’ विचारा आणि त्याच बाईकडून घ्या. भाव करा, पण पिळू नका.

तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे, जुलै 2024 पासून मसाई मारा अभयारण्याचं शुल्क परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आहे. नैरोबीहून नारोकमार्गे तुम्ही पोचाल तोवर दुपार टळलेली असेल. त्या दिवशी उरलेल्या दोन तासांसाठी अभयारण्यात शिरण्यापेक्षा गेटबाहेरच्या गावात जा. फक्त हे बुकिंगच्या आधीच बोलून घ्या. एकदा पॅकेजमध्ये शुल्क धरलं की ते सुटत नाही. परतताना अंधार पडेल, गाडी कुंपणापर्यंत बोलवा. रात्री तिथे पायी फिरायचं नाही.

मुलांना दोन शब्द शिकवून न्या. ‘सुपा’ म्हणजे नमस्कार, त्याला उत्तर ‘इपा’. आभाराला ‘आशे ओलेंग’. मसाई मुलं मोठ्यांसमोर डोकं पुढे करतात आणि मोठे त्यावर हात टेकवतात. माझ्या मुलीने न सांगता तसंच केलं, तेव्हा त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की फोटो काढायचं मला सुचलंच नाही. चॉकलेटं, पेनं वाटू नका, पोरांना गाड्यांमागे धावायची सवय लागते. फोटो विचारून काढा, रस्त्यावरून चाललेल्या माणसाचा तर मुळीच न विचारता नको.

वाटाड्याशी थोडी गट्टी जमली की जमिनीबद्दल विचारा. ब्रिटिशांनी 1904 आणि 1911 च्या करारांनी मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हटवलं. टांझानियात 1959 मध्ये सेरेंगेटीतून काढून त्यांना न्गोरोंगोरोत जागा दिली, आणि आता तिथूनही कुटुंबांना दूर म्सोमेरा गावात हलवलं जातंय. आपण ज्या मोकळ्या माळावर सिंह बघायला जातो, ती त्यांची चराऊ रानं होती. मी हे विचारल्यावर आमचा वाटाड्या पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला आणि तासभर बोलला.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ते कार्ड परत येताना मुंबईत बघतात.